चार शीलांचा माणूस

माझं शिक्षण तिसरी. चौथीत जाऊन बसलो होतो, पण मास्तरशी पटलं नाही म्हणून शाळा मीच सोडली. हे सगळं मी माझ्या हातानं लिहिलं आहे. नातीनं काना-मात्रा पाहून दिल्या. तिनं जिथं माझे शब्द बदलले तिथं मी पुन्हा माझेच घातले.

लिहायचं कारण सांगतो. मागच्या महिन्यात आमच्या वार्डातली एक बाई ओट्यावर येऊन बसली. तिचा मुलगा पितो. पंचवीस वर्षांचा आहे, दोनदा गाडीवरून पडला. ती म्हणाली, "दादाजी, तुमी कसी सोडली?"

मी सुपारी कातरत होतो. मान वर न करता म्हणालो, "मनावर घेतलं का सुटते. मानूस पक्का पाह्यजे."

"हाव जी," म्हणून ती उठली. पायात चप्पल घालताना तिचा चेहरा दिसला. आपल्या पोटचं पोरगं कच्चं निघालं, एवढंच ती माझ्याकडून घेऊन चालली होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. कारण मी तिच्याशी खोटं बोललो. मी पक्का होतो म्हणून सुटली नाही. पक्का होतो म्हणूनच तर एवढी वर्षं टिकली. बाई, खरं काय झालं ते आता सांगतो.

बा आणि गंज

आमचं गाव वाशीमकडच्या मेडशीपासून चार कोसांवर, जंगलाला लागून. बानं दीक्षा घेतली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. त्याआधी बा प्यायचा, असं माय सांगायची. दीक्षा घेऊन आल्यावर घरातले देव त्यानं टोपल्यात घातले आणि नदीला नेले, त्याच टोपल्यात बाटलीही गेली. बाला वाचता येत नव्हतं. पाची शीलं त्यानं ऐकून ऐकून पाठ केली. जीव घ्यायचा नाही, चोरी करायची नाही, वाईट चालीनं चालायचं नाही, खोटं बोलायचं नाही, आणि पाचवं, नशा करायची नाही. पुढं गावात पत्र्याचं विहार उभं राहिलं. दर पुनवेला सकाळी बा पुढं बसून एकेक शील सांगायचा आणि बाया-माणसं त्याच्या मागून म्हणायची. आवाज असा होता की बाहेर रस्त्यानं जाणारी बैलगाडी थांबायची.

दुसरी गोष्ट गंजाची. मोठ्या पातेल्याला आमच्याकडं गंज म्हणतात. आमच्या लोकांत लग्न निघालं की स्वयंपाकाला मोठं भांडं नसायचं. गावातले मोठे लोक द्यायचे नाहीत, आणि एखाद्यानं दिलंच तर परत घेताना आमच्यासमोर विस्तवात टाकून मग घरात न्यायचा. ते पाहून बा पेटला. त्यानं सगळ्या घरांना राजी केलं आणि वाशीमच्या बाजारातून तांब्याचा गंज आणला, शंभर माणसांची खीर होईल एवढा. कासाराकडून त्यावर ठोकून नाव घातलं. वर बौद्ध समाज, त्याखाली गाव, आणि अगदी खाली बाचं नाव, कारण गंज सांभाळायचं काम बाकडं होतं. तो आमच्या दारामागं पालथा असायचा. माय त्याला चिंचेनं घासायची आणि घासताना कोणी मधून गेलं तर शिव्या द्यायची.

बाचा मान म्हणजे तो आवाज आणि तो गंज. दोन्हींची माती मी केली.

हाताच्या दुखण्यावर औषध

बहात्तरच्या दुष्काळात मी वीस-एकवीसचा होतो. लग्न झालं होतं, शेवंता घरात आली होती. शेतात काही नव्हतं, म्हणून रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होतो. दुपारी सरकारी सुकडी खायला मिळायची, घरी रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकर. हाताला भेगा पडायच्या आणि त्यातून रक्त यायचं. बाजूला बसणारा एक जण म्हणाला, "थोडी घे बे, हात दुखत नाई मंग." मोहाच्या फुलांची दारू होती. घेतली. हात खरंच दुखला नाही. त्याचं बोलणं खोटं निघालं असतं तर बरं झालं असतं.

दुष्काळ संपला, खडी संपली, हात बरे झाले. औषध चालूच राहिलं. आधी काम झाल्यावर, मग कामाच्या आधी, मग कामाच्या ऐवजी. पुढं नाल्यात स्वतःच गाळायला लागलो. मोह जंगलात फुकट पडलेला असतो, वेचला की झालं. मी कोणाच्या पुढं हात पसरला नाही, याचाही मला त्या काळात मोठा अभिमान होता.

घरात काय केलं तेही लिहितो, नाहीतर हा कागद कशाला? शेवंतावर हात उचलला. एकदा पाट फेकून मारला, तिच्या भुवईवर अजून खूण आहे. पोरगी बेबी सहा महिन्यांची होती, ती मला पाहून रडायची. शेवंता तिला घेऊन माहेरी गेली आणि चार महिने आली नाही. तिला आणायला मी गेलो नाही. बा गेला. तिला म्हणाला, "पोरी, मी माह्या पोराची हमी देत नाई. माह्या घराची देतो." त्या बोलण्यावर ती आली.

चारच म्हन

एका पुनवेला मी पिऊन विहारात गेलो. मागं गुपचूप बसलो असतो तर निभलं असतं. पण पाचवं शील आलं तसं मी सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हटलं. बायांनी पदर तोंडाला लावले. एक म्हातारा म्हणाला, "वा रे वा, वासावरून तं लय मनापासून म्हनून राह्यला."

सगळे गेल्यावर बानं मला दारात थांबवलं.

"सुकदेव, पुढच्या पुनवेपासून तू चारच म्हन."

"काहून?"

"पेतं ते पेतं, वरून खोटं कायले बोलतं? पाचवं आलं का तोंड मिट. निदान चौथं तरी पाळशीन."

दुसरा कोणी शरमेनं मेला असता. मी म्हणालो, "बरं. चारच म्हनीन." आणि ते धरलं. दर पुनवेला पुढच्या ओळीत बसायचो, चार शीलं खणखणीत म्हणायचो आणि पाचव्याला ओठ असे मिटायचो की सगळ्यांना दिसावं. गावात नाव पडलं, चार शीलांचा सुकदेव. मेडशीच्या हॉटेलात कोणी तसं म्हटलं तर मी छाती काढून सांगायचो, "तुमच्यासारखा पाच म्हनून पेत नाई मी."

बाला मला तिथंच सगळ्यांसमोर बोलता आलं असतं. तो कधी काही बोलला नाही. फक्त पाचवं शील सांगताना त्याचा आवाज थोडा खाली जायचा. तो मला ऐकू यायचा, आणि तरी मी ओठ मिटायचो.

गंज नाल्यात

होळीच्या आधीची गोष्ट. माझा गाळायचा डबा बुडाला गळायला लागला आणि मोह तर सडून तयार होता. घरात कोणी नव्हतं. दारामागं गंज होता. एका दिवसाचं काम आहे, घासून परत ठेवू, मायलाही कळणार नाही, असं मनात आलं आणि गंज डोक्यावर घेऊन मी नाल्याकडं निघालो. डोक्यावर असल्यामुळं त्यावरचं नाव मला दिसत नव्हतं. दिसलं असतं तरी मी थांबलो असतो असं म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या वेळी पोलीस आले. गाळायला बरोबर बसलेले बाकीचे पळाले. मी गंज सोडून पळेना. त्या वेळी पहिल्यांदा मनात आलं की हा गंज बाचा आहे. चुलीतलं जळतं लाकूड मी शिपायावर उगारलं. त्याचा हात भाजला. मग मला आणि गंजाला एकाच गाडीत घातलं.

ठाण्यात फौजदारानं गंजावरचं नाव वाचलं आणि बाला बोलावणं पाठवलं. बा आला, मागं माय आली. फौजदार भला माणूस होता. त्यानं नाव पुन्हा वाचलं, बाच्या पांढऱ्या टोपीकडं पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, भांडं समाजाचं आहे. चोरीला गेलं होतं असं तुम्ही म्हणत असाल तर तसं लिहितो. कोणी नेलं ते माहीत नाही म्हणा."

मी गजांच्या आत होतो. माय दाराशी होती, ती म्हणाली, "म्हना ना तसं. अवो, म्हना!"

बा म्हणाला, "चोरीले नाई गेला, साहेब. माह्या घरात होता. माह्या पोरानं नेला."

"विचार करून बोला."

"यात काय इचार करा लागते? मी दर पुनवेले लोकाइले सांगतो का खोटं बोलू नका."

मायनं ठाण्याच्या पायरीवर कपाळ आपटलं. त्या दिवसापासून ती बाशी बोलायची बंद झाली. मी आतून ओरडलो, "आजपासून माहा बाप मेला!" बा वळला नाही. गंज मुद्देमालात जमा झाला.

मला दहा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

बिमार म्हणू नका

तेव्हा वाशीम वेगळा जिल्हा नव्हता. खटल्याआधीच, पकडल्याच्या दुसऱ्या दिवशी, मला दूरच्या मोठ्या जेलात नेलं होतं. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, मग जबडा, मग सगळं अंग. तिसऱ्या दिवशी भर दुपारी पत्र्यावर मोहाची फुलं पडल्याचा आवाज यायला लागला. टप, टप. मी उठून फरशीवरून वेचायला लागलो. बाकीचे कैदी हसत होते. एकानं विचारलं, "भाऊ, किती झाले?" मी ओंजळ पुढं केली. त्यानंतर फिट आली, आणि डोळे उघडले तेव्हा जेलच्या दवाखान्यातल्या खाटेवर होतो.

डॉक्टरांनी उजव्या बरगडीखाली बोटं घातली. मी किंचाळलो. डोळे पिवळे आहेत म्हणाले, लिव्हर सुजलं आहे म्हणाले. मग विचारलं, "रोज पितोस?"

"मन झालं का पेतो. सोडाची ठरवली तं आत्ता सोडीन."

त्यांनी स्टीलचा पेला काठोकाठ पाण्यानं भरून माझ्या हातात दिला. "हे पाणी न सांडता पी."

तोंडापर्यंत पेला येईपर्यंत निम्मं पाणी छातीवर सांडलं. दातांवर पेला वाजत होता, तो आवाज सगळ्या खोलीत गेला. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "हा आजार आहे. टायफॉइड असतो, टीबी असतो, तसा हा. तू आजारी आहेस."

मला कैदी म्हटलं होतं, दारुड्या म्हटलं होतं, बाटग्याचं पोरगं म्हटलं होतं. त्या सगळ्याला माझ्याकडं उत्तर होतं. हे मात्र झोंबलं. मी म्हणालो, "साहेब, गुन्हेगार म्हना. बिमार म्हनू नका."

"का?"

उत्तर आलं नाही. आता येतं. गुन्हा मी केला असं म्हणता येतं, त्यात मी मोठा असतो. आजारात मी कोण? नुसता खाटेवर पडलेला एक जण.

किसनराव

दवाखान्यात रोजचं एकच चालायचं. सकाळी गिनती, मग थुलीची, म्हणजे भरडलेल्या गव्हाची, कांजी, मग गोळी, मग कंपाउंडर जीभ पाहायचा. माझ्या हातात वाटी राहत नव्हती. दोन दिवस मी भूक नाही म्हणून सांगितलं, कारण सांडलेलं कोणी पाहू नये.

तिथं किसनराव नावाचा म्हातारा कैदी रोग्यांची उठबस करायचा. कामरगावकडचा, मोठ्या शेतीवाडीचा माणूस. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भावकीत कुऱ्हाड चालली आणि त्याला जन्मठेप झाली. तिसऱ्या दिवशी तो वाटी घेऊन माझ्या खाटेवर बसला.

"तोंड उघड बे."

"भूक नाई."

"भूक नाई का हात नाई?"

मी भिंतीकडं तोंड फिरवलं. त्यानं चमचा भरून तिकडून आणला. "लग्नातला नवरदेव समजून राह्यला का? कोनी तोंडात घास द्या म्हनून रुसून बसला? खाय!"

"तुमी कोन, आमी कोन, माईत हाय ना?" मी म्हणालो. गावी असतो तर याच्या विहिरीवर आमचा पोहरा चालला नसता.

त्यानं चमचा माझ्या तोंडापुढं तसाच धरला. मग म्हणाला, "इथं मले तेच सोडून आठ वर्सं झाले. तू आजच सोड, कांजी थंडी होऊन राह्यली."

मी खाल्लं. त्यानं आठ दिवस मला भरवलं. रोज वाटी रिकामी झाली की म्हणायचा, "आजचं झालं." उद्याचं कधी बोलायचा नाही. चौदा वर्षं कशी काढता, असं मी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, "चौदा कोन काढते बे? मी तं आजचा दिवस काढतो."

महिन्यानं मला सतरंजीच्या मागावर घातलं. फणीच्या बारीक फटींतून सुताचा एकेक धागा ओढायचा असतो. पहिल्या दिवशी पूर्ण पाळीत चार धागे ओवले. मागवाला म्हणाला, "अशानं तुझी सतरंजी तुझ्या मयताला होईल." तीन महिन्यांनी एक आख्खी फणी एका पाळीत भरली. मला माझ्या आजाराचं माप तिथं कळलं. डॉक्टर आल्यावर मी आपणहून पेला मागितला, काठोकाठ भरून घेतला आणि एक थेंब न सांडता प्यालो.

लिंबाखाली

शेवंता दर महिन्याला मुलाखतीला यायची. फाट्यापर्यंत कोसभर पायी, मग एसटी, मग पुन्हा पायी. जाळीच्या पलीकडं उभी राहायची, कडेवर बेबी. बाला ती मामाजी म्हणायची, मायला आत्याबाई. पहिल्याच वेळी तिनं सांगितलं, "मामाजी आलेत. बाहीर लिंबाखाली बसले."

"मंग आत काहून येत नाई?"

"ते म्हनतात, त्यानं मले मेला म्हनलं. मेलेला मानूस बोलावल्याबिगर कसा येईन?"

"बसू दे."

दर महिन्याला हेच. ती सांगायची बसलेत, मी म्हणायचो बसू दे. सातव्या महिन्यात तिनं जाळीवर हात आपटला. "तुमा दोघाच्या अकडीत माहे पाय तुटून राह्यले! एक लिंबाखाली बसते, एक जाळीमांग. अन् तिकडं आत्याबाई त्यायच्याशी बोलत नाईत, या बेबीच्या कानात सांगतात, तुह्या आज्याले म्हन भाकर झाली. हिले बोलता येते का अजून?"

मला हसू आलं. तिलाही आलं. मग ती रडली. तरी मी बाला बोलावलं नाही.

सुटायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी बोलावलं. म्हणाले, "सुटलास म्हणजे बरा झालास असं धरू नकोस. हा आजार दडून बसतो. आता एक घेतली तर काय होतं, असं तो एक दिवस तुझ्याच आवाजात तुला सांगेल." ते माझ्या डोक्यात बसलं. जो आजार माझ्याच आवाजात बोलतो, त्याच्या वतीनं मी पाचवं शील कसं म्हणू? मोडलं तर? आता मला खोटं बोलायचं नव्हतं. मी ठरवलं, पूर्ण खात्री होईपर्यंत चारच.

खात्री

घरी आलो. बा ओट्यावर होता. मी आत गेलो, तो बाहेर गेला. गंज कोर्टातून परत आला होता, दारामागं पालथा होता. त्यावर मुद्देमालाचा नंबर पांढऱ्या रंगानं टाकला होता. समाजानं बैठक घेऊन ठरवलं होतं की त्यात आता शिजवायचं नाही. माय तरी तो रोज घासायची.

पुनव आली. विहार भरलं होतं, कारण सगळ्यांना पाहायचं होतं की सुकदेव काय करतो. बानं पहिलं सांगितलं, मी म्हटलं. दुसरं, तिसरं, चौथं. पाचव्याला मी तोंड मिटलं. या वेळी मान खाली होती, पण ते कोण पाहतो? मागून आवाज आला, "जेलात जाऊन बी चारच!" बाचा चेहरा मी पाहिला. ठाण्यात कोसळला नव्हता तो माणूस तिथं बसल्या जागी खचला. त्याला वाटलं, पोरगं अजून पितं. मी सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं. तो विचारेल तेव्हा सांगीन, असं म्हणून मी बसलो. तो विचारणार नव्हता.

अशा दोन पुनवा गेल्या. तिसरीच्या आधी मेडशीच्या बाजारात कोणीतरी म्हणालं, "तुह्या बापानं तुले जेलात घातला, अन् तू त्याले गावात खाली पाह्याले लावून राह्यला. बरी फिट्टंफाट झाली." मी गावाकडं निघालो. पाय आपोआप नाल्याच्या बाजूला वळले. एक घेतली तर काय होतं, असं आतून आवाज आला. माझाच आवाज होता. डॉक्टर खरं बोलले होते.

प्यालो. लिहायला जड जातं, पण प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर हाताला तीच थरथर. शेवंता चुलीपाशी होती. मी म्हणालो, "काल पेलो." तिनं फुंकणी खाली ठेवली. "मले वासानंच समजलं. मले कायले सांगता? ज्याले सांगाचं त्याले सांगा."

बा अंगणात दात घासत होता. किती दिवसांनी मी त्याच्यासमोर उभा राहिलो. "बा, जेलातून आल्यापासून पेलो नोतो. काल पेलो."

त्यानं चूळ भरली. पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "आज?"

"आज नाई."

"बरं," म्हणाला आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी अंगणात पुन्हा तेच. "आज?" "आज नाई." तिसऱ्या दिवशीही. दुसरं काही बोलणं नाही. मग ते रोजचंच झालं. काही दिवस मी आज नाई म्हणून दुपारपर्यंत दात खाऊन बसायचो. हात कापायला लागले की शेवंताच्या हाताखाली जाऊन वाती वळायचो, सुतानं हात जाग्यावर यायचे. एकदा बैलगाडी अर्ध्या रस्त्यात सोडून घरी पळत आलो, कारण पुढं नाला होता. बैल एकटे आले. कोणी हसलं नाही.

पऱ्हाटीत

कापूस वेचणीचे दिवस होते. बा आणि मी शेजारच्या ओळींत वेचत होतो, कंबरेला ओटी बांधलेली. दुसऱ्या दिवशी पुनव होती. बा न थांबता, कापसाकडं पाहत म्हणाला, "उद्या बी चारच?"

"खात्री नाई, बा. जलमभराचं वचन देऊन मोडलं तं ते खोटंच होईन ना. मंग चौथं बी गेलं."

"जलमभराचं हाय असं तुले कोन सांगतलं?"

मी ओळीतून मान वर काढली.

"जलमभराचं असतं तं दीक्षेच्या दिवशी एकदा म्हनून मोकळा झालो असतो. मी दर पुनवेले कायले घेतो? पुन्हा पुन्हा कायले म्हनतो?" त्यानं एक बोंड सोलून कापूस ओटीत टाकला. "दीक्षा घेतल्यावर मी दोन डाव पेलो. एक डाव तुही आजी मेली तवा, एक डाव उगाच. तुह्या मायले इचार. दोनी डाव सकाळी जाऊन पुन्हा घेतलं. तुले वाटे बाप पक्का हाय. पक्का असतो तं पह्यल्या ओळीत जाऊन कायले बसतो?"

एवढी वर्षं मी एका पक्क्या माणसाशी भांडत होतो, आणि तो माणूस शेजारच्या ओळीत माझ्यासारखाच वाकून कापूस वेचत होता.

मी म्हणालो, "मले पह्यले काहून नाई सांगतलं?"

"तू इचारलं नाई."

अकड कुठून आली, ते मला तिथं कळलं.

पाचवं

पुनवेची सकाळ. बानं पहिलं सांगितलं, लोक म्हणाले. दुसरं, तिसरं, चौथं. मग बा थांबला.

लोकांना वाटलं खोकला आला. मग वाटलं विसरला. कोणी तरी कुजबुजलं, "म्हातारा भुलला." बानं डोळे मिटले होते, हात जोडलेले होते, आणि तो गप्प होता. मला कळलं तो कोणाची वाट पाहतो आहे.

जेलात फिट आली तेव्हाही एवढी भीती वाटली नव्हती. मी पाचवं शील म्हटलं. एकटाच. आवाज फाटला, मध्ये एक शब्द अडला, तो मी पुन्हा घेतला.

मग माझ्या मागून सगळ्यात आधी जो आवाज उठला तो बाचा होता. त्याच्या मागून सगळं विहार.

त्या दिवशीची खीर मायनं गंजात रांधली. कोणाला विचारलं नाही, ओढत नेऊन चुलीवर चढवला. एक जण म्हणाला, "त्या गंजात?" माय म्हणाली, "तुले नाई पाह्यजे तं नको खाऊ. घासून घासून माहे हात गेले." मग पहिली वाटी तिनं बापुढं नेली आणि पावणेदोन वर्षांनी त्याच्याशी बोलली. "घ्या. गोड कमी असन तं सांगा."

बा म्हणाला, "बरोबर हाय." गोड कमीच होतं. चौथं शील त्यानं मोडलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं.

आज

बाई, तू विचारलंस कशी सोडली. मी सोडली नाही. एका डॉक्टरनं मला आजारी म्हटलं, एका खुनी माणसानं मला कांजी भरवली, शेवंता चालत आली, बा लिंबाखाली बसला, आणि मी मध्ये पुन्हा प्यालोही. तुझा मुलगा कच्चा नाही. त्याला दवाखान्यात ने, मी बरोबर येतो. आणि सकाळी फक्त त्या दिवसाचं विचार.

गंज अजून समाजाकडं आहे. पांढरा नंबर घासून गेला, नाव राहिलं.

बा गेल्यावर सकाळचं विचारणं शेवंतानं घेतलं. आता तिला ऐकू कमी येतं, तरी चहाचा कप पुढं करून विचारतेच. परवा मी चिडलो. म्हणालो, "अवं, पंचेचाळीस वर्सं होऊन गेले! अजून कायले इचारतं?"

ती म्हणाली, "मी वर्साचं नाई इचारलं. आज?"